तीन मुकी वळणं

रेवनहोपला बर्फ पडल्याचा निरोप आला तेव्हा धम्मशीला आईच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. निरोप स्की क्लबच्या मॅल्कमचा होता, प्रज्ञेशच्या फोनवर आलेला. फोनमधल्या बाईनं तो आपल्या सपाट आवाजात वाचून दाखवला: रात्रभर आणि दिवसभर बर्फ झाला आहे, वारा अजिबात नाही, उद्या वर ओढणारा टो सुरू करतोय, येणाऱ्यांनी फावडी घेऊन लवकर यावं.

"ताई, ऐकलंस? वारा नाही म्हणतो मॅल्कम. नो विंड! म्हणजे पावडर, एकदम भुसभुशीत. कसली बर्फ पडली असेल!"

"कसला बर्फ पडला असेल," कांताबाईंनी कुकरची शिट्टी काढता काढता त्याला सुधारलं. आपल्या मुलांचं मराठी त्या चाळीस वर्षं सुधारत होत्या. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण नुसतं व्याकरण ऐकलं, मुद्दा राहिला. "अन् तू कुठं निघून राहिला? डोळ्याला दिसत नाही नीट, अन् बर्फावर चालला."

"दिसतं गं आई. पुढचं दिसतं. पुढेच तर जायचं असतं."

प्रज्ञेश हसला. धम्मशीलाही हसली, पण पोळी तव्यावर टाकताना तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं. अलीकडे तो सगळंच फोनकडून वाचून घ्यायचा. हात रिकामे नसतात, म्हणायचा. आत्ता त्याचे दोन्ही हात टेबलावर रिकामेच होते.

कांताबाई तिच्याकडे वळल्या. "तू नेऊन राहिली का त्याले?"

"तिथे मी पुढे असते, आई. हेल्मेटमध्ये रेडिओ असतो. मी सांगते तसा तो वळतो. गेली चार वर्षं करतोय आम्ही हे."

"पडला तर मले फोन करू नको," कांताबाई म्हणाल्या, आणि वरणाला फोडणी घालायला लागल्या. नागपूर सोडून त्यांना जन्म लोटला होता, पण काळजीत बोलल्या की त्यांची भाषा अजून तिकडचीच व्हायची.

ही भावंडं नॉटिंगहॅमला जन्मली, इथंच वाढली. वडील भीमराव शहरातल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. धम्मशीला अकरा वर्षांची असताना शाळेची स्कीइंगची सहल निघाली, तेव्हा तिच्या बाईंनी भीमरावांना मोठ्या मायेनं सांगितलं की तुमच्या मुलीला थंडी सोसायची नाही, शिवाय तुमच्या लोकांना या खेळाची सवय नसते. भीमरावांनी बाईंचे आभार मानले, घरी आले, कोट न काढताच दोन्ही मुलांना गाडीत घातलं आणि शहराबाहेरच्या प्लॅस्टिकच्या उतारावर नेलं. तिथं बर्फ नव्हता. डोंगराच्या अंगावर ब्रशसारखी खरखरीत चटई अंथरलेली होती, पडलं की कोपरं सोलून निघत. "जिथं आपल्याला कोणी धरत नाही, तिथं आधी जायचं," ते म्हणाले. आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टींना ते हेच उत्तर द्यायचे.

पुढं दर शनिवारी ते उताराच्या पायथ्याशी टाय लावून उभे राहायचे. स्कीइंगमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मुलगी सरळ सुटली की ते हात हलवून ओरडायचे, "वळ! अगं वळ!" आणि पोरगा आपटायला आला की "थांब!" विहारातली मंडळी हसायची. भीमरावांची पोरं चटईवर घसरायला शिकतात म्हणे! पण ती शिकली. मग रेवनहोपच्या क्लबात गेली. पेनाइन्सच्या डोंगरांतली ती एक उघडीबोडकी टेकडी. एक झोपडीवजा खोली, डिझेलच्या इंजिनावर चालणारा एकच टो, आणि सगळं काम सभासदांनीच करायचं. चांगला बर्फ कधी वर्षातून पाचसहा दिवस, कधी एकही नाही. प्रज्ञेश नोकरीला बेसिंगस्टोकला गेला, ऑफिसच्या लोकांबरोबर आल्प्सच्या मोठमोठ्या रिसॉर्टना जाऊन आला, पण परत आला की म्हणायचा, "तिकडे सगळे स्कीइंग विकत घेतात, ताई. आपल्याकडे आधी खणायला लागतं."

अठ्ठाविसाव्या वर्षी त्याला डोळ्यांचं निदान झालं. पडद्याचा आजार, कडेचं दिसेनासं होत होत मध्ये नळीच्या तोंडाएवढी जागा राहते, आणि मग तीही जाते. किती वर्षांनी, ते कोणी सांगत नाही. आजार घराण्यातून येणारा, म्हणून धम्मशीलाचीही तपासणी झाली. तिला काही नव्हतं. त्या दिवशी कांताबाईंनी तिला जवळ घेतलं, आणि त्या मिठीतच तिला कसंनुसं झालं. आपण भावाच्या ताटातलं काही उचलून खाल्ल्यासारखं. ते जे झालं ते मग गेलंच नाही. ती स्वतः फिजिओथेरपिस्ट, लोकांना उभं करायचं काम करणारी. लग्न मोडलं, ती आईच्या घरापासून चालत जाता येईल अशा फ्लॅटमध्ये राहायला आली. प्रज्ञेशनं गाडी चालवणं सोडलं, पुढं बेसिंगस्टोक सोडलं आणि आईकडं परतला. तेव्हा धम्मशीलानं दृष्टी अधू असलेल्यांना उतारावर नेण्याचं प्रशिक्षण घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. रेडिओवर इंग्रजी सूचना लांब पडतात, म्हणून दोघांनी बाबांचेच शब्द घेतले. वळ. थांब.

शनिवारी ती दोघं उजाडायच्या आत निघाली. मोटरवेवर पाऊस होता, पुढं गारठा, आणि शेवटच्या गावानंतर पांढरं. टेकडीला कोणी कापूस पिंजून घातल्यासारखं. दगडी कुंपणांच्या नुसत्या वरच्या कडा दिसत होत्या. गाडीतून उतरल्यावर धम्मशीलानं पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत आत गेला, आणि आवाज झाला नाही.

मॅल्कम टोचं इंजिन गरम करत होता. सत्तरीचा, लालबुंद चेहऱ्याचा माणूस. भावंडं शाळकरी होती तेव्हापासून तो इथं होता. "पंधरा वर्षांत असा पाहिला नाही," तो म्हणाला, आणि प्रज्ञेशच्या हातात फावडं दिलं. प्रज्ञेशनं खोलीचं दार मोकळं केलं. त्यानं नारिंगी जॅकेट चढवलं, त्याच्यावर पाठीपोटाला 'अंध स्कीअर' असं इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. पूर्वी ते घालायला तो कुरकुर करायचा. आज मुकाट्यानं घातलं.

टो म्हणजे वर जाणारी तार, तिला लोंबणाऱ्या दांड्या, दांडीच्या टोकाला बशी. बशी मांड्यांमध्ये धरायची आणि उभ्याउभ्या ओढत वर जायचं. वर पोचल्यावर दोघं तयार झाली. धम्मशीला पुढं, तो तिच्या मागं काही अंतरावर. रेडिओ लावला.

"ऐकू येतंय?"

"लाउड अँड क्लिअर."

"चल. वळ… आणि वळ… आता लांब, आणि वळ."

पहिली फेरी सुरेख झाली, तिला वाटलं. बर्फ पिठासारखा उडत होता, गुडघ्यांवर येत होता. खाली पोचून तिनं मागं पाहिलं तर प्रज्ञेश तिच्या स्कीच्या खुणेपासून बराच बाजूला, ताठ उभा होता. चेहरा घामेजला होता.

"काय झालं?"

"काही नाही. जरा डिफरंट आहे."

दुसऱ्या फेरीला तो दोनदा पडला. तिसऱ्या फेरीला मध्येच थांबला. धम्मशीला स्की आडव्या करून पायऱ्या चढल्यासारखी त्याच्यापर्यंत वर गेली. तो काठ्यांवर रेलून उभा होता.

"ताई, तुझा आवाज येत नाही."

"रेडिओ चालू आहे की."

"रेडिओचं नाही म्हणत मी. तुझ्या स्कीचा. एरवी खरखर येते ना, तू कुठे वळलीस ते मला त्याच्यावरून कळतं. माझ्या स्कीचापण येतो. आज काहीच नाही. एव्हरीथिंग इज सायलेंट."

त्याचा अर्थ तिला लगेच कळला नाही. मग कळला.

"म्हणजे तू माझ्या आवाजावर येतोस? मी दिसत नाही तुला?"

"दिसतेस."

"प्रज्ञेश, माझं जॅकेट कुठल्या रंगाचं आहे?"

"लाल," तो म्हणाला. गेल्या वर्षी तिचं जॅकेट लाल होतं. या वर्षी नवं, पिवळंधमक.

"कधीपासून?"

"समरपासून. उजव्यानं काहीच नाही. डाव्यानं उजेड कळतो, कधी आकार. ओळखीच्या जागी चालतं. आईला नको सांगूस."

"आणि मला? मी तुझी गाइड आहे! मी 'पुढे खांब आहे' म्हणते तेव्हा तो तुला दिसतोय असं समजून म्हणते!"

"तुला सांगितलं असतं तर तू आणलंच नसतंस."

हे खरं होतं, म्हणून ती आणखी चिडली. दोघं खाली आली. ती 'वळ' आणि 'थांब' एवढंच बोलली. खोलीत जाऊन चहा घेतला. खिडकीबाहेर ढग उतरायला लागले होते, आणि उतार आणि आभाळ यांच्यामधली रेघ पुसट होत होती.

"निघू या," ती म्हणाली.

"एक. शेवटचा एक रन. ताई, असा दिवस परत येईल तेव्हा मला उजेडपण नसेल. प्लीज."

नको म्हणायला हवं होतं, असं तिनं नंतर किती वेळा म्हटलं असेल. पण त्या क्षणी तिलाही जायचं होतं, हे तितकंच खरं. टेकडीच्या डावीकडचा लांब उतार कोणीही मोडलेला नव्हता. एवढा बर्फ तिनं जन्मात पाहिला नव्हता, आणि सकाळपासून तिनं त्यातलं काहीच चाखलं नव्हतं. तिचं सगळं लक्ष मागं होतं.

"माझ्या अगदी मागे राहायचं. मी बोलत राहीन."

ती बोलत राहिली. वळ. वळ. छान. वळ. आणि मग उतार थोडा रुंद झाला, बर्फ आणखी खोल झाला, आणि तिच्या पायांखालून वजनच निघून गेलं. पाय कुठं संपतात आणि टेकडी कुठं सुरू होते ते कळेना. अंग आपोआप एका बाजूला कललं, मग दुसऱ्या. तिच्या तोंडून हसू फुटलं. एक वळण, दुसरं, तिसरं. त्या तीन वळणांत तिला भाऊ नव्हता, आई नव्हती, कोणाचे डोळे नव्हते. ती एकटी होती.

मग तिला आठवलं, आणि ती थांबली.

"प्रज्ञेश?"

मागं पांढरं होतं. वर पांढरं, खाली पांढरं. नारिंगी कुठंच नव्हतं.

"प्रज्ञेश! बोल!"

रेडिओवर खरखर झाली आणि बंद पडली. ती ओरडली, पण तिचा आवाज तोंडापुढंच बर्फात जिरला. तिनं स्की काढल्या आणि चढायला लागली, तर कमरेपर्यंत रुतली. पोहल्यासारखे हात मारत ती स्वतःच्या खुणेवरून वर गेली. वरच्या टप्प्यावर दोन खुणा दिसल्या. एक तिची, उजवीकडे वळलेली. दुसरी सरळ. अगदी सरळ, रेघ ओढल्यासारखी, ओढ्याच्या घळीकडं गेलेली. ती घळ आधीच्या वाऱ्यांनी बर्फानं काठोकाठ भरली होती. वरून पाहिलं तर सपाट मैदान वाटावं. खुणेच्या शेवटी एक खड्डा होता, आणि खड्ड्यातून एका स्कीचं टोक वर आलेलं.

तो डोक्यावर पडला होता. किती वेळ झाला होता, तिला कळेना. ती हातांनी उकरायला लागली. हॉस्पिटलमध्ये कित्येकांना धीर देणारे ते हात आता कुत्र्यानं माती उपसावी तसा बर्फ मागं फेकत होते. आधी पाठ लागली, मग खांदा, मग हेल्मेट. तिनं चेहऱ्यापुढचा बर्फ काढला, तोंडात बोट घालून तोंड मोकळं केलं. तो खोकला. त्या खोकल्याइतकं सुंदर तिनं आयुष्यात काही ऐकलं नव्हतं.

"प्रज्ञू. प्रज्ञू, मी आहे."

त्याचे डोळे उघडे होते. तो बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. मग म्हणाला, "डोळे उघडे होते माझे आतमध्ये. आणि ताई, मला काही फरकच वाटला नाही."

तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं. त्याला काय म्हणायचं होतं ते तिला समजलं होतं.

ती दोघं खाली आली नाहीत हे मॅल्कमच्या लक्षात आलं होतं. तो आणि क्लबातली चार माणसं घसरगाडी घेऊन ढगातून हाका मारत आली. प्रज्ञेशचा खांदा निखळला होता आणि गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं. त्याला बांधून खाली नेताना धम्मशीला बाजूनं चालत होती, त्याच्या बोटांत बोटं अडकवून. मॅल्कम घसरगाडीची दोरी धरून पुढं चालत होता. तिला वाटलं, तो एखादा शब्द रागानं बोलला असता तर बरं झालं असतं.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून तिनं आईला फोन केला. करू नको म्हटलं होतं तरी केला. कांताबाई ओरडल्या नाहीत. "जिता आहे ना?" एवढंच विचारलं, आणि "तू जेवली का?"

त्या प्रश्नावर धम्मशीला भिंतीला टेकून रडली.

प्रज्ञेशला खांदा बसवून, पट्टा बांधून बाहेर आणलं तेव्हा तिनं त्याला खरं ते सांगितलं. "मी बोलले नाही. तीन वळणं मी बोललेच नाही. विसरले तुला."

"माहिती आहे," तो म्हणाला. औषधानं त्याची जीभ जड झाली होती. "रेडिओ चालू होता तेव्हा. तू हसत होतीस. मी 'ताई, वळू का?' विचारणार होतो. पण तशी तू कधी हसली होतीस ते मला आठवेना. म्हटलं, राहू दे. दोनतीन सेकंद सरळ गेलो तर काय होतं."

तिला वाटलं होतं की तो रागावेल, किंवा माफ करेल. यातलं काहीच त्यानं केलं नाही, आणि जे केलं होतं त्याचं काय करायचं ते तिला आजतागायत कळलेलं नाही.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. प्रज्ञेशला गुडघ्याचे व्यायाम तिनंच शिकवले, रोज संध्याकाळी, दिवाणखान्यात, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींखाली. दोघं व्यायामापुरतंच बोलायची. मार्चमध्ये त्यानं स्वतःहून आईला डोळ्यांचं सगळं सांगितलं. कांताबाई उठून आत गेल्या, नळ बराच वेळ वाहत राहिला, आणि बाहेर आल्या त्या कांदेपोहे घेऊन. मग त्यानं अंध म्हणून रीतसर नोंदणी केली. पांढरी काठी आली. काठी धरायला शिकवायला कौन्सिलची एक बाई यायची. ती येणार असली की धम्मशीला मुद्दाम उशिरा यायची.

एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम कम्युनिटी हॉलमध्ये होता. तो काठी घेऊन पहिल्यांदाच चारचौघांत निघाला. दारात गर्दी होती. निळे झेंडे, पोरांची धावपळ, सगळीकडून "जय भीम, जय भीम". बायांचं बोलणं त्याला पाहून मध्येच तुटत होतं. धम्मशीलानं त्याचा दंड धरला.

"धरू नकोस," तो हळूच म्हणाला. "मला तुझं कोपर दे. मी धरतो. तू फक्त चाल."

तिनं कोपर दिलं. पायरी आली तेव्हा ती इतकी जपून थांबली की मागचा माणूस तिच्यावर आदळला.

"ताई, तू घाबरतेस ना, ते कोपरात कळतं," तो म्हणाला. "रेडिओवरपण कळायचं."

खुर्च्यांवर बसल्यावर, भाषण सुरू व्हायच्या आधी, त्यानं सांगितलं की पुढच्या हिवाळ्यासाठी त्यानं एका संस्थेकडं नाव दिलंय. ती संस्था गाइड देते. हेलन नावाची कोणी बाई आहे, दोनदा फोनवर बोलणं झालंय. गुडघा बरा झाला की आधी छताखालचा इनडोअर स्लोप, मग पुढचं पुढं.

"मी आहे की," ती म्हणाली. शब्द तोंडातून गेल्यावर तिला ते किती पोकळ होते ते ऐकू आलं.

"तू आहेसच. पण तिथे नको." मग तो म्हणाला, "तू तुझी जा कधीतरी. एकटी. मी खरंच सांगतोय."

आधी तिला राग आला. परकी बाई चालते आणि मी नाही? मग रागाच्या खालून सुटका वर आली, अंगातली गाठ सैल झाल्यासारखी, आणि पाठोपाठ त्या सुटकेची लाज. राग, सुटका आणि लाज, तिन्ही तिच्यात शेजारीशेजारी बसून राहिली. व्यासपीठावर माईकची शिट्टी वाजली. प्रज्ञेशनं कानावर हात ठेवला आणि हसला.

जानेवारीत रेवनहोपचा निरोप पुन्हा आला, या खेपेला तिच्या फोनवर. बर्फ बरा आहे, फार नाही, मदतीला माणसं हवीत. प्रज्ञेश त्या शनिवारी हेलनबरोबर इनडोअर स्लोपवर गेला होता. कांताबाई सकाळपासून दाराकडं आणि घड्याळाकडं बघत होत्या.

"तूही जा ना," त्या अचानक म्हणाल्या. "मी आहे इथं. त्याचा फोन आला तर मी घेते."

धम्मशीलानं कोट चढवला. गाडीत फावडं टाकलं, स्की टाकल्या. मोटरवेवर ती बरीच पुढं गेली, आणि मग एका सर्व्हिस स्टेशनवर गाडी लावून काचेवर साचणारं धुकं बघत बसली. पुढं जावंसं वाटेना, आणि परतही. चहा प्यायली. कप थंड झाल्यावर तिनं गाडी सुरू केली आणि हळूहळू, डावीकडच्या लेनमधून, ट्रकांच्या मागं मागं, उत्तरेकडं, रेवनहोपच्या दिशेनं निघाली.